ट्रेनिंगचे तास मोजता, तसं एकदा वर्गात येऊन बसा की! बेळगाव-चिक्कोडीच्या शिक्षण खात्याला खुलं पत्र

बेळगाव आणि चिक्कोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांत शिक्षकांची ट्रेनिंग ठरवणाऱ्या, मॉड्यूल लिहिणाऱ्या, रिसोर्स पर्सन नेमणाऱ्या सगळ्या साहेब-मॅडमना नमस्कार.

मी खानापूर तालुक्यात एका सरकारी मराठी शाळेत शिकवते. नाव घालत नाही, नोकरी आहे आणि गावाचं नाव घातलं तर माझं नाव घातल्यासारखंच होतं कारण शाळेत आम्ही दोघंच. पत्रात मराठी हा शब्द पुष्कळदा येणार आहे म्हणून आधीच सांगते, हे सीमाप्रश्नाचं पत्र नाही. मला कन्नड येतं, नोकरीसाठी शिकले आणि नंतर आवडीने शिकले, मीटिंगमध्ये मी कन्नडच बोलते. तेव्हा मराठी शब्द दिसला की फाइल बाजूला टाकायची सवय असेल तर या वेळी तेवढं करू नका.

विषय असा की माझ्या वर्गात जी वेगवेगळी मुलं आहेत, कुणाला ऐकू कमी येतं, कुणाला वाचायलाच जमत नाही, कुणी दोन मिनिटं एका जागी बसत नाही, कुणी गवळीवाड्यावरून जंगलातनं चालत येतं आणि त्याची बोली पुस्तकातल्या मराठीपासून लांब, त्यांना कसं शिकवायचं याचं ट्रेनिंग आम्हाला मिळतं म्हणून कागदावर आहे. प्रत्यक्षात काय मिळतं? एकवीस प्रकारच्या अपंगत्वाची यादी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती यादी आहे, बरोबरच आहे, आम्हाला आता पाठ पण झाली. पण यादी पाठ झाली म्हणून सोमवारी सकाळी वर्गात काय करायचं ते कळत नाही की हो.

आमच्याकडची खरी अडचण सांगते, जी मला आजपर्यंत एकाही मॉड्यूलमध्ये दिसली नाही. आमच्या भागात मूल वाचत नसेल तर ते भाषेमुळे की डोक्यातल्या अक्षर-आवाजाच्या जोडणीमुळे, हे ओळखणं फार अवघड आहे. आणि ते न ओळखल्यामुळे दोन्हीकडून नुकसान होतं. ज्याला फक्त कन्नड कानावर पडलेलं नाही असं हुशार पोर 'स्लो लर्नर' म्हणून शेवटच्या बाकावर जातं. आणि ज्याला खरोखर डिस्लेक्सिया आहे, म्हणजे ती अक्षर-आवाजाची जोडणीच अडते, त्याच्याबद्दल सगळे म्हणतात, मराठी घरातलं आहे, कन्नड नवीन आहे, इंग्रजी नवीन आहे, येईल हळूहळू. असं येईल येईल म्हणत ते सातवीला जातं आणि तिथून हॉटेलात कामाला.

उदाहरणच देते, म्हणजे बेंगळूरला बसून मॉड्यूल लिहिणाऱ्यांना कळेल. कन्नडमध्ये आखूड ए वेगळा आणि लांब ए वेगळा, तसंच ओ चं. केरे म्हणजे तळं, त्यातला के आखूड, आणि केरी म्हणजे गल्ली, त्यातला के लांब. मराठीत हा फरकच नाही, आमच्या पोराच्या कानाला तो ऐकूच येत नाही सुरुवातीला, मग कन्नड डिक्टेशनला ते हमखास चुकणार. ही चूक आजाराची नाही, ही घरच्या भाषेची चूक आहे, कुठल्याही मराठी घरातल्या पोराची होणार. उलटीकडून बघा, कन्नड घरातलं मूल मराठी शाळेत आलं की घर चं गर लिहितं, भात चं बात लिहितं, कारण बोलण्यात ह मिसळलेला आवाज त्याच्याकडे ढिला असतो. ती पण चूक भाषेचीच. मग लिपीचं. मराठीत ऱ्हस्व वेलांटी काढायची आधी आणि म्हणायची नंतर. मराठीत रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, कन्नडात तोच र, अर्कावत्तु म्हणतात तो, अक्षराच्या नंतर येतो. मराठीत जोडाक्षरातलं पहिलं अक्षर अर्धं होऊन शेजारी बसतं, कन्नडात दुसरं अक्षर खाली लटकतं. २०१५ च्या कायद्याने कन्नड सगळ्या शाळांना आलं, इंग्रजी आहेच, म्हणजे तिसरीला पोचेपर्यंत तीन लिप्या त्या जीवाच्या अंगावर येतात. तिसरीतल्या पोराच्या वहीत या तिन्हींची खिचडी दिसली तर लगेच घाबरायचं कारण नाही, हे मला कुणीतरी ट्रेनिंगमध्ये सांगायला पाहिजे होतं.

आणि घाबरायचं कधी, ते पण सांगायला पाहिजे होतं. घरच्या भाषेत आधी बघायचं. पुस्तक बाजूला ठेवून, तोंडीच. कमळ मधला क काढला तर काय उरलं? मळ. हे पोराला सांगता येतं का. एकसारखे संपणारे शब्द सांग म्हटलं तर सुचतात का. तोंडाने गोष्ट झकास सांगतंय, हिशोब तोंडी करतंय, पण छापलेली ओळ पुढं आली की तोच शब्द एकाच पानावर तीनदा तीन तऱ्हेने वाचतंय, आणि हे मराठीतही होतंय आणि कन्नडातही, तर मग थांबून नीट तपासायला पाहिजे. फक्त कन्नडातच अडकत असेल आणि मराठी घडाघडा वाचत असेल तर त्याला कन्नड ऐकायला बोलायला द्या, डॉक्टर नको. एवढं साधं आहे, पण हे मी माझ्या पैशाने पुस्तकं घेऊन, रात्री यूट्यूब बघून शिकले. खात्याने शिकवलं नाही. आमच्या इथल्या एका पोराला त्याचे वडील तपासायला एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले, तिथे त्याच्यापुढं कन्नड उतारा ठेवला, आणि वाचता येत नाही म्हणून लिहून दिलं. वडिलांना वाटलं तपासणी झाली. कुठल्या भाषेत तपासलं, हे विचारायचं असतं हे त्यांना कोण सांगणार, आम्हीच सांगायला पाहिजे ना, आणि आम्हाला कोण सांगणार?

बरं साधन नाही म्हणावं तर तसंही नाही. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, त्यांनी 'डाली' म्हणून डिस्लेक्सिया तपासायची साधनं बनवली, २०१५ साली आली, आणि कुठल्या भाषांत? हिंदी, मराठी, कन्नड, इंग्रजी. आमच्या जिल्ह्यासाठी मुद्दाम बनवल्यासारखी यादी आहे बघा! त्यात पहिली-दुसरीसाठी वेगळी आणि तिसरी ते पाचवीसाठी वेगळी अशी शिक्षकाने भरायची प्राथमिक चाळणी पण आहे. मी इथल्या ओळखीच्या शिक्षकांना विचारलं, बहुतेकांनी नावही ऐकलेलं नव्हतं. एनसीईआरटीचं 'प्रशस्त' अॅप, मुलांमधलं अपंगत्व ओळखायच्या चाळणीचं, २०२२ ला आलं, त्याचा पहिला भाग आमच्यासारख्या साध्या शिक्षकांनी भरायचा, दुसरा स्पेशल एज्युकेटरने. चांगली सोय आहे. पण 'वाचायला अडचण आहे का' याला हो म्हणायचं तर कुठल्या भाषेतल्या वाचनाबद्दल म्हणायचं, हे सीमाभागातल्या शिक्षकाला बसून समजावल्याशिवाय त्या टिकला काही अर्थ नाही. केंद्राच्या २०१८ च्या गाइडलाइनमध्ये तर तिसरीत किंवा आठव्या वर्षी शाळेनेच चाळणी करावी म्हणून होतं. शाळेने म्हणजे कुणी, आम्हीच की.

आता तासांचं. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकास करावा असं म्हटलंय. आपल्या राज्याने २०२३ ला स्वतःच्या धोरणासाठी वेगळा आयोग नेमला, तो वाद तुमचा तुम्ही मिटवा, मला दोन्हीकडचे ५० तास चालतील. माझा प्रश्न तासांत काय भरता हा आहे. 'निष्ठा' चं, म्हणजे केंद्राच्या शिक्षक ट्रेनिंगचं, ऑनलाइन आलं तेव्हाचं आठवतं ना सगळ्यांना, दीक्षा या सरकारी पोर्टलवर व्हिडिओ, मग क्विझ, मग सर्टिफिकेट. खानापूरच्या पश्चिमेला नेटवर्कसाठी लोक टेकडीवर जाऊन उभे राहतात, तिथे व्हिडिओ फिरत बसायचा. क्विझची उत्तरं व्हॉट्सअॅप ग्रुपवर यायची हे तुम्हाला पण माहिती आहे आणि आम्हाला पण, मग कशाला नाटक. त्यात समावेशक वर्गाबद्दलचं मॉड्यूल खरं तर बरं होतं, पण ते वाचून कुणाशी बोलायचं? आपल्या वर्गातल्या त्या एका पोराला ते कसं लावायचं? ते विचारायला समोर माणूसच नाही.

समोरासमोरच्या ट्रेनिंगचं पण तेच. राज्यात काहीतरी ठरतं, तिथून मास्टर रिसोर्स पर्सन, तिथून जिल्हा, तिथून ब्लॉक, तिथून आम्ही. एका लोट्यातलं ताक चार घरं फिरून आमच्या वाटीत येतं तोपर्यंत नुसतं पाणी. रिसोर्स पर्सन बिचारे आमच्यातलेच असतात, त्यांनाही आदल्या आठवड्यात स्लाइड मिळालेल्या असतात, त्यांना दोष देत नाही. पण ते कन्नड स्लाइड कन्नडात वाचून दाखवतात आणि मराठी, उर्दू शाळांचे शिक्षक मान हलवतात. कन्नड समजत नाही असं नाही. पण ऑटिझम असलेल्या मुलाशी कसं बोलावं, कुठली वाक्यं छोटी करावी, कुठला शब्द टाळावा, हे ज्या भाषेत बोलायचंय त्याच भाषेत करून बघायला लागतं की नाही? घटनेचं ३५०-अ कलम भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय करा म्हणतं. मुलांची सोय करायची आणि त्यांना शिकवणाऱ्याची नाही, हे कसं जमणार?

एक गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण त्यावरून कळेल ट्रेनिंग म्हणजे मला काय पाहिजे. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिला शिबिरात श्रवणयंत्र मिळालं. कानामागे बसवायचं. शिबिरात फोटो झाला, पेढे झाले, आणि पावसाळा लागल्यावर महिनाभरात यंत्र डब्यात. आई म्हणाली, लावलं की रडते. का रडते ते मला कळेना. आमची शाळा कौलारू, पुढच्या पडवीला पत्रा. खानापूरचा पाऊस तुम्हाला माहिती आहे, जून ते सप्टेंबर पत्र्यावर ढोल वाजत असतो. ते यंत्र नुसता माझा आवाज मोठा करत नाही, पाऊस पण मोठा करतं, बाकाचा खरखराट पण मोठा करतं. तिच्या कानात दिवसभर काय चाललं असेल विचार करा. मग कुणीतरी ओळखीच्या ऑडिओलॉजिस्टनी फोनवर सांगितलं ते असं, तिला पडवीपासून लांब, भिंतीच्या बाजूला बसवा, तुम्ही तिच्यासमोर तोंड करून बोला, फळ्याकडे तोंड करून बोलू नका. यंत्रात दमट हवेने पाणी धरतं, म्हणून रात्री सेल काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. सेलवरचा स्टिकर एकदा काढला की सेल संपायला लागतो, परत चिकटवून वाचत नाही, म्हणून गरज असेल तेव्हाच काढा. आणि पहिल्याच दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लावू नका, रोज थोडं थोडं वाढवा. पाच-दहा मिनिटांचा फोन. आता ती यंत्र लावून बसते, पत्रा वाजायला लागला की स्वतःच उठून आतल्या बाजूला सरकते. तेवढा फोन म्हणजे माझ्यासाठी वर्षभरातलं सगळ्यात चांगलं ट्रेनिंग होतं आणि त्याचा एक मिनिटही माझ्या ५० तासांत धरलेला नाही.

असं ट्रेनिंग पाहिजे. माझ्या वर्गातलं मूल, माझी पडवी, माझी भाषा.

आता तुम्ही म्हणाल बीआयईआरटी, म्हणजे ब्लॉकला नेमलेले समावेशक शिक्षणाचे रिसोर्स टीचर, आहेत की. आहेत, आणि आमच्या ब्लॉकमधले भले आहेत, पण तालुका बघा. कणकुंबी-जांबोटीकडून लोंढ्यापर्यंत, भीमगडच्या जंगलातल्या वस्त्या, पावसात नाले भरले की रस्ता बंद. सुप्रीम कोर्टाने २०२१ ला सांगितलं की प्राथमिकला दर १० विशेष गरजेच्या मुलांमागे एक आणि वरच्या प्राथमिकला दर १५ मागे एक स्पेशल शिक्षक पाहिजे. आमच्याकडे ब्लॉकच्या हिशोबाने माणसं नेमली जातात. त्यातही त्यांचा अर्धा वेळ रिपोर्ट, शिबिराच्या याद्या, एसएटीएस या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीतली माहिती दुरुस्त करणं यात जातो. शाळेत आले की रजिस्टर बघतात, सही करतात, आम्ही चहा देतो, पुढच्या शाळेला पळतात. त्यांनी एक तास माझ्या वर्गात मागं बसावं, मी शिकवताना बघावं, मग मला सांगावं बाई इथे असं करा, आणि मग त्यांनी स्वतः ते करून दाखवावं, हे त्यांच्या कामात धराच ना. रजिस्टर काय पळून जातंय?

आणि ट्रेनिंगला आम्हाला बोलावता तेव्हा आमच्या मागे काय होतं, हा विचार कुणी करतं का? मी ओओडीवर, म्हणजे शाळेबाहेरच्या ड्युटीवर, गेले की आमच्या गुरुजींच्या अंगावर पहिली ते पाचवी, शिवाय बिसीऊटचा, म्हणजे दुपारच्या जेवणाचा, हिशोब. ज्या मुलांसाठी म्हणून मी ट्रेनिंगला जाते तीच मुलं त्या दिवशी सगळ्यात जास्त वाऱ्यावर सुटतात, कारण शांत मूल कोपऱ्यात बसून राहतं, पण ज्याला रोजच्यातला बदल सोसत नाही ते त्या दिवशी भिंतीवर डोकं आपटून घेतं. एक शिक्षकी शाळेचं तर विचारूच नका.

म्हणून माझं मागणं नवीन योजनेचं नाही. नवीन योजना आली की नवीन अॅप येतं. आपल्याकडे क्लस्टरची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, समालोचना सभा आधीच आहे, सीआरपी म्हणजे क्लस्टरचे रिसोर्स पर्सन घेतात, आम्ही सगळे येतो. सध्या तिथे काय होतं, सर्क्युलर वाचून दाखवतात, कुठल्या शाळेने कुठली माहिती अपलोड केली नाही त्याची नावं घेतात, संपलं. त्यातला एक तास एका मुलाला द्या. प्रत्येक वेळी एका शाळेने एका मुलाची वही आणायची, नाव झाकून, वाचनाचं रेकॉर्डिंग आणायचं मोबाइलवर, आणि सगळ्यांनी मिळून बघायचं की हे मूल कुठे अडतंय, आपण पुढचा महिना काय करून बघायचं. बीआयईआरटींना त्या तासाला तिथे बसवा. मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही शाळांचे शिक्षक एकत्र असतील तर अजून चांगलं, कारण मघाशी सांगितलेल्या आखूड-लांब ए ची भानगड मला कन्नड शाळेतल्या टीचरच दोन मिनिटांत सोडवून देतील आणि घर-गर ची मी त्यांना. पुढच्या महिन्यात त्याच मुलाची वही परत टेबलावर. झालं का काही? नाही झालं तर का नाही झालं? आणि हा तास ५० तासांत धरायचा, लेखी, म्हणजे कुणी टाळणार नाही.

नली-कली, ती खेळत शिकायची पद्धत, आठवा. मैसूरकडे एच. डी. कोटे तालुक्यात १९९५ ला शिक्षकांनीच बसून ती उभी केली आणि पुढे २००९ पासून राज्यभर गेली. ती आज कशी चालते यावर माझी तक्रार आहे, ती वेगळ्या पत्रात. पण वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाने बनवलेलं चालतं, हे आपल्याच राज्याने दाखवलंय, कुठून उसनं आणायला नको.

दुसरं, मराठीतलं साहित्य. पलीकडे महाराष्ट्रात शिक्षकांसाठी मराठीत कोर्स होतात, दीक्षावर ठेवतात, दीक्षा तर अख्ख्या देशाची आहे. निपाणीहून कोल्हापूर तासाभराच्या आत येतं, बेंगळूरला जायला आम्हाला रात्रभर बसमध्ये बसायला लागतं. तिकडचा समावेशक शिक्षणाचा मराठी कोर्स आमच्या मराठी शिक्षकाने केला तर त्याचे तास इथे धरायला काय अडचण आहे ते एकदा सांगा. राजकारण म्हणून नको वाटत असेल तर आपलंच कन्नड मॉड्यूल मराठीत करा, पण मशीनमधून काढून नको, आमच्यातल्या दोन-चार शिक्षकांना बसवून करा, मानधन नाही दिलं तरी चालेल, ओओडी द्या म्हणजे झालं. हो, ओओडीचं वर बोलले मी, तेव्हा एका शाळेतनं दोघांना उचलू नका.

डाली आणि प्रशस्त यांचं ट्रेनिंग तिसरी-चौथीला शिकवणाऱ्यांना आधी द्या. सगळ्यांना एकदम द्यायला गेलात की परत ताकाचं पाणी. आणि एकदा देऊन सोडू नका, दीड-दोन महिन्यांनी त्याच लोकांना परत बोलवा आणि विचारा, काय करून बघितलं? हे विचारलं जाणार आहे एवढं माहीत असलं तरी माणूस वर्गात जाऊन करून बघतो.

चिक्कोडी, अथणी, निपाणीकडच्या शिक्षकांचं अजून एक आहे, ऊसतोडीला येणाऱ्यांची पोरं. दिवाळीनंतर येतात, मार्च उजाडायच्या आत जातात, बीडकडची असली तर वेगळी मराठी, विजापूरकडची लमाणी असली तर घरी तिसरीच भाषा. त्यांच्यावर मला फार लिहिता येणार नाही, मी तिकडे शिकवत नाही, पण तिकडच्या शिक्षकांना बोलवून विचारा, ते माझ्यापेक्षा जास्त सांगतील.

आणि जाता जाता आमच्या मराठी संघटनांच्या पुढाऱ्यांना पण दोन शब्द, पत्र त्यांच्या हातात पडणारच आहे. १ नोव्हेंबरला काळ्या दिवसाला माणसं जमतात, मराठी शाळा वाचवा म्हणून निवेदनं देता, फार चांगलं. पण शाळा वाचवायची म्हणजे नुसती बोर्डावरची नाही. तुमच्या गावच्या शाळेत एसडीएमसीची, म्हणजे पालकांच्या शाळा समितीची, मीटिंग असते, तिथे येऊन एकदा विचारा की आपल्या शाळेत वाचायला न येणारी मुलं किती आणि त्यांच्यासाठी बाईंना काय मदत मिळाली. माझ्या आठवणीत हा प्रश्न कुणी विचारलेला नाही, कंपाउंडचा विचारतात.

साहेब, कायद्याचं कलम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल, २०१६ च्या कायद्याचं १६ आणि १७, त्यात अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि सर्व पातळ्यांवर स्टाफला ट्रेनिंग द्या असं स्पष्ट लिहिलंय. तेव्हा हे मेहेरबानीचं मागणं नाही. पण मी भांडायला पण आलेली नाही. पुढच्या समालोचना सभेच्या अजेंड्यावर 'एका मुलाची वही' एवढा मुद्दा टाकायला सीआरपींना एक ओळीचं पत्र काढा, कन्नडात काढलं तरी चालेल. पहिली वही मी आणते. चौथीतल्या मुलाची आहे, वडिलांना विचारलंय, हो म्हणाले, फक्त एवढंच म्हणाले की टीचर, सभा संपल्यावर काय ठरलं ते मला मराठीत समजेल असं सांगा.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक शिक्षिका